काळ्या लोकरीचं दुपटं

माझी आणि माझ्या भाचीची पहिली भेट फोनच्या स्पीकरवरून झाली, आणि ती अजिबात चांगली झाली नाही.

ती जन्मली गाझियाबादला, भर पावसाळ्यात. माझा धाकटा भाऊ नोकरीसाठी माझ्यामागोमाग पुण्याहून इकडे आला, ऑफिसातल्या एका पंजाबी मुलीशी त्याने लग्न केलं आणि तिच्या माहेरापासून दोन इमारती सोडून घर घेतलं. मी नोएडात एकटी राहते. टॅक्सीने गेलं तर अंतर फार नाही. पण बारशाच्या आठवड्यात मला डेंग्यू झाला आणि गाझियाबाद काय, स्वयंपाकघरसुद्धा लांब वाटायला लागलं.

बारशात आत्याला काम एकच. बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि मग जमलेल्या बायकांचे पाठीत धपाटे खायचे. आजवर मी दुसऱ्यांच्या आत्यांना मनसोक्त धपाटे घातले होते. माझी पाळी आली तेव्हा मी हाताला सलाईन लावून पडलेली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते हेच. पण माझा भाऊ सॉफ्टवेअरवाला, त्याच्याकडे प्रत्येक अडचणीवर तोडगा असतो. त्याने व्हिडिओ कॉल लावला आणि फोन सरळ पाळण्यात बाळाच्या कानाशी नेला. मी तापलेल्या घशाने जोरात 'कुर्रर्र' केलं. स्पीकर पूर्ण मोठा करून ठेवलाय हे त्याच्या लक्षात नव्हतं. नाव पुढे सांगितलं मी, पण ते कुणाला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही, कारण बाळ दचकून जे किंचाळलं ते थांबेचना. भावजयीच्या माहेरच्या बायकांना धपाट्यांची पद्धत आधी समजावून सांगितलेली होती. त्यांनी मग फोनच्याच पाठीवर धपाटे घातले. मागचा कॅमेरा सुरू होता, मला पडद्यावर फक्त तळवे दिसत होते.

तेव्हापासून ती मला बघितलं की रडायची.

आता कुणी म्हणेल, एवढंसं बाळ, त्याला काय आठवतंय. मलाही आधी तसंच वाटलं. पण ती बाकी कुणाकडे रडत नसे. दूधवाल्याकडे हसत जायची. खालच्या मजल्यावरच्या काकांच्या मिशा ओढायची. मी शनिवारी जायची, हातपाय धुऊन तिला घ्यायची, ती माझ्याकडे क्षणभर टक लावून बघायची, खालचा ओठ पुढे यायचा, आणि मग सुरू. भाऊ म्हणायचा, "यार ताई, तू ना आधी थोडं स्माइल कर." मी हसून बघितलं, ती आणखी मोठ्याने रडली.

मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. दुसऱ्यांच्या कामात खोट काढायचा मला पगार मिळतो आणि माझा स्वभावही त्या नोकरीला साजेसाच आहे. त्यामुळे हाही दोष मी रीतसर शोधायला घेतला. अत्तर बंद केलं. चष्मा काढून गेले. केस मोकळे सोडून गेले, बांधून गेले. भावजयीचा गाऊन अंगात घालून बसले. काही फरक पडला नाही. मी लग्न केलं नाही, मला मूल नाही, आणि याचं मला दुःख आहे असं लोकांना वाटतं तेवढं ते नाही. पण ही एकुलती एक भाची होती. मला तिची आत्या व्हायचं होतं, सणासुदीला मिठाईचा डबा घेऊन येणारी पाहुणी नव्हे. आणि दर शनिवारी मी परत टॅक्सीत बसायची ती पाहुणी म्हणूनच.

डिसेंबरात पुण्याहून आईचा फोन आला. "पोरीची पहिली संक्रांत आहे. बोरन्हाण करायचंय, लक्षात आहे ना?"

आईचे गुडघे आणि दिल्लीची थंडी यांचं जमत नाही, त्यामुळे ती येणार नव्हती. हलव्याचे दागिने ती पुण्याहून कुरिअर करणार होती. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे हे सगळं इथे मिळतं. राहिला काळा कपडा. संक्रांतीला बाळाला काळंच हवं, वर्षातून तेवढाच एक दिवस काळ्याला मान. "आत्याने घ्यायचं असतं ते," आई म्हणाली. आत्याने घ्यायचं असतं असं शास्त्र आहे की तिने ते जागच्या जागी तयार केलं, हे मी विचारलं नाही. मला ते हवंच होतं.

पुण्यात एक पातळसं काळं झबलं घातलं की काम भागतं. गाझियाबादच्या जानेवारीत बाळाला झबल्यावर बोरन्हाण घातलं तर बोरांऐवजी डॉक्टरच बोलवावा लागेल. गरम काहीतरी हवं, आणि काळं. मी सरोजिनी नगरला गेले. तिथे न मिळणारी वस्तू अजून बनलेली नाही, असा माझा समज होता. पण लहान मुलांच्या कपड्यांच्या प्रत्येक दुकानात तेच झालं. गुलाबी, पिवळं, पोपटी, बदकवालं, सशावालं, सगळं होतं. काळं म्हटलं की दुकानदार माझ्याकडे नीट निरखून बघायचा.

"बेबी के लिए? काला?"

"हां, हमारे में पहनाते हैं."

"मैडम, नेवी ले लो. रात में काला ही लगता है."

मी त्याला म्हटलं, बोरन्हाण दुपारी असतं. त्याला बोरन्हाण माहीत नव्हतं आणि मला ते बाजाराच्या गर्दीत समजावून सांगण्याची ताकद नव्हती. निघता निघता एका गल्लीत लोकरीचं दुकान दिसलं. काळी लोकर होती, भरपूर होती, आणि कुणी घेत नसल्यासारखी मागच्या फळीवर पडलेली होती. मी पिशवीभर घेतली, एक क्रोशाची सुई घेतली, आणि मेट्रोत बसल्याबसल्या फोनवर 'नवशिक्यांसाठी सोपं दुपटं' असा एक व्हिडिओ काढला. व्हिडिओतली बाई म्हणाली, एकच टाका यायला हवा, बाकी काही लागत नाही. मला एकही येत नव्हता, पण एक शिकणं काही अवघड नाही, असं मला वाटलं.

यामागे आणखी एक गोष्ट होती, ती सांगून टाकते. भावजयीची आई, म्हणजे आमच्या आंटी, दोन सुयांवर विणतात. बाळ जन्मल्यापासून त्यांनी इतके स्वेटर विणले होते की पोरीला रोज नवा. वेण्यांचे, पानांचे, बटणांच्या जागी छोटी सफरचंदं असलेले. ती नानीच्या स्वेटरात, नानीच्या कडेवर, नानीकडे बघून हसायची. मला आंटींचा हेवा वाटत होता. त्या फार चांगल्या आहेत, म्हणून तर जास्तच.

व्हिडिओतल्या बाईची लोकर पांढरी होती. सुईचं टोक कुठे घालायचं, कुठून धागा ओढायचा, सगळं लख्ख दिसत होतं. साखळी घातली, तीवर खांब म्हणजे उभे लांब टाके घातले, ओळ संपली, उलटवलं, पुढची ओळ. मी तेच करत होते, फक्त माझ्या हातात जे होतं ते काळं कुळकुळीत. त्यात टाका कुठे सुरू होतो, कुठे संपतो, भोक कुठलं आणि धागा कुठला, काही कळत नव्हतं. दिवा जवळ ओढला, फोनची बॅटरी दाताखाली धरली. विणता येईना आणि लोकर काळी, अशी माझी अवस्था. पण या बाबतीत लोकर खरंच काळी होती.

ओळीच्या शेवटचा टाका मला दिसायचा नाही, तो सुटायचा. प्रत्येक ओळीला एक खांब कमी. दुपटं वर जाताजाता निमुळतं होत गेलं. ते लक्षात आल्यावर मी भरपाई म्हणून कडेला जादा खांब घालायला लागले, तर ते एका बाजूने फुगलं. रविवारी मी भावाला फोटो पाठवला.

"ताई, हे काय आहे?" त्याचा फोन आला. "गुजरात?"

"तुझ्या मुलीचं दुपटं आहे."

पलीकडून धप्पकन आवाज आला. नंतर मला कळलं की तो हसून हसून खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसला होता. मग त्याने जे करायचं नव्हतं तेच केलं. तो फोटो त्याने सासूला दाखवला.

दुसऱ्या दिवशी आंटींचा फोन. "बेटा, तेरी छुट्टियां बची हैं न? इधर आ जा. धूप में बैठके बुनेंगे."

वर्षअखेरीच्या माझ्या सुट्ट्या वाया जाणारच होत्या, त्या मी पुढच्या महिन्यावर टाकून घेतल्या आणि संक्रांतीच्या आठवडाभर आधी बॅग भरून भावाकडे राहायला गेले. काळ्या लोकरीची पिशवी मी आंटींसमोर उघडली. त्यांनी आत बघितलं आणि हात मागे घेतला.

"काला? छोटी बच्ची को?"

मी सगळं सांगितलं. पहिली संक्रांत, बोरन्हाण, काळं वस्त्र, हलव्याचे पांढरे दागिने, काळ्यावर ते किती छान उठून दिसतात. आंटींनी पूर्ण ऐकून घेतलं. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, बारावीला रसायनशास्त्र शिकवायच्या, त्यामुळे समोरच्याचं उत्तर चुकलेलं असलं तरी पूर्ण ऐकून घ्यायची त्यांना सवय आहे. मग म्हणाल्या, "तुम्हारी रस्म है, करो. मैं मना नहीं करूंगी. पर मैं इसको हाथ नहीं लगाऊंगी. केमिस्ट्री अपनी जगह, ये अपनी जगह."

पण केमिस्ट्रीही त्यांनी सोडली नाही. मूल सहा महिन्यांचं होत आलेलं, हाताला लागेल ते तोंडात घालतं. ही लोकर रंग सोडते का ते आधी बघ, असा हुकूम निघाला. मी बादलीत कोमट पाणी घेऊन गुजरात बुडवला. पाणी शाईसारखं झालं. पुढचा अख्खा दिवस मी न्हाणीघरात होते. आधी सगळं उसवलं, लोकरीच्या लडी केल्या, आणि आंटी दारात उभ्या राहून सांगतील तसं व्हिनेगर, मीठ, कोमट पाणी, गार पाणी. त्यांनी कशाला बोटसुद्धा लावलं नाही. पाणी स्वच्छ निघेपर्यंत माझे हात कोपरापर्यंत करडे झाले होते. संध्याकाळी मी पोरीला घ्यायला गेले, तिने माझे हात बघितले आणि या खेपेला रडायला तिच्याकडे सबळ कारण होतं.

दुसऱ्या दिवशी धुकं अकराच्या सुमारास फाटलं आणि आम्ही गच्चीवर गेलो. इकडे हिवाळ्यात ज्या घरात बायका आहेत त्या घराची गच्ची दुपारी रिकामी नसते. शेंगदाणे, मुळे, संत्री, विणकाम आणि सगळ्या इमारतीच्या भानगडी, सगळं एकाच उन्हात. आंटींनी चटई घातली, त्यावर गोधडी, त्यावर पोरीला पालथं टाकलं. मला शिकवायला त्यांनी स्वतःसाठी पिवळी लोकर आणि क्रोशाची सुई आणली होती. त्या पिवळ्यात करून दाखवायच्या, मी काळ्यात करायची. माझ्या मांडीवर त्यांनी एक पांढरा टॉवेल पसरायला लावला आणि एकदम सगळं सोपं झालं, कारण भोकातून खालचं पांढरं दिसायला लागलं. ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात पिवळ्या धाग्याचा तुकडा अडकवायचा, म्हणजे कड चुकत नाही. हे सगळं त्या स्वतःच्या पिवळ्यावर दाखवत होत्या, माझ्या काळ्याकडे हनुवटीने खूण करत होत्या.

मधेच पोरगी कुरकुरली. मी सुई टाकून तिला उचलायला वाकले.

"उठाना मत," आंटी म्हणाल्या.

"रोएगी."

"तू उठाएगी तो पक्का रोएगी. हर शनिवार आती है, आते ही उठा लेती है. जैसे कूरियर लेने आई हो. बैठ. बुन."

मला राग आला. खरं सांगते, चांगलाच राग आला, कारण माझ्या भाचीला कसं घ्यायचं हे मला दुसरं कुणी सांगत होतं, आणि बहुधा बरोबर सांगत होतं. मी बसले. विणत राहिले. पोरीची कुरकुर आपोआप थांबली. थोड्या वेळाने वर बघितलं तर ती माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे म्हणजे माझ्या उजव्या हाताकडे. सुई आत जायची, बाहेर यायची, आत जायची, तसे तिचे डोळे जायचे यायचे. मी थांबले की तिची भुवई वर. मी परत सुरू केलं की चेहरा शांत. मी तिच्याकडे न बघता तीन ओळी विणल्या. न बघणं हे विणण्यापेक्षा फार अवघड होतं.

मग रोज तेच. धुकं फाटलं की गच्ची, चटई, पिवळं आणि काळं. आंटी आणि मी बोलायचो खूप. त्यांच्या वडिलांनी मुलीला रसायनशास्त्र शिकू द्यायचं की नाही यावर घरात किती भांडणं झाली ती त्यांनी मला सांगितली. मी त्यांना ऑफिसातल्या माणसांच्या नकला करून दाखवल्या. माझं दुपटं चौकोनी होत चाललं होतं. एका कडेला थोडं पोट सुटलं होतं, पण ते आमच्या खानदानातच आहे. मी पोरीला एकदाही उचललं नाही. भावाला वाटलं माझं तिच्यावरून मन उडालं. रात्रीच्या जेवणाला तो म्हणाला, "ताई, अगं तू तिला घेतच नाहीस आजकाल. रुसलीस का?" मी त्याला पोळी वाढली आणि गप्प बसवलं.

संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी लोहडी. पंजाबी घरात बाळाची पहिली लोहडी म्हणजे लग्नाहून कमी नाही. सोसायटीच्या बागेत लाकडं रचली होती, रेवड्या आणि शेंगदाण्यांच्या पराती आल्या होत्या. आंटींनी पोरीला लाल स्वेटर, लाल टोपी, लाल मोजे घालून सजवलं. निघताना त्यांनी काजळाची डबी उघडली आणि तिच्या कपाळाच्या कडेला चांगला जाडजूड काळा ठिपका लावला. मग कानामागे एक. मग तळपायाला एक.

मी दारात बघत उभी होते. "आंटीजी, ये काला चलता है?"

"ये तो नज़र से बचाने को है."

"हमारे यहां भी लगाते हैं. तीट. तो मेरा वाला भी वही समझो न. बस, साइज़ बड़ा है."

आंटी डबीचं झाकण लावता लावता थांबल्या. भावजय जोरात हसली. आंटी मात्र हसल्या नाहीत, त्या गंभीरपणे विचार करत होत्या. फळ्यावर समीकरण जुळतंय का बघावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. "इतना बड़ा टीका," त्या शेवटी म्हणाल्या. मग माझ्या खोलीत जाऊन त्यांनी दुपटं उचलून आणलं, पहिल्यांदा हातात घेतलं, कडा ओढून पाहिल्या, माझा एक ढिला खांब शोधून काढला आणि म्हणाल्या, "ये कल सुबह ठीक कर लेना."

सकाळी तो ठीक केला. तरी वरच्या काही ओळी राहूनच गेल्या, कारण स्वयंपाकघरात तिळगूळ चिकटत होता आणि आई व्हिडिओ कॉलवरून पाकाची परीक्षा घेत होती. सुई लावलेलीच ठेवून आम्ही दुपटं पाटावर पसरलं. दुपारी इमारतीतली झाडून सगळी मुलं जमली. त्यांना एवढंच कळलं होतं की एका बाळाच्या डोक्यावरून खाऊ पडणार आहे आणि तो लुटायचा आहे. काळं झबलं मिळालंच नव्हतं, तेव्हा भावजयीने स्वतःचा काळा मऊ स्वेटर कापून रात्रीत पोरीला अंगरखा शिवला होता. त्यावर हलव्याचा हार, बाजूबंद, मुकुट. पोरगी इतकी गोड दिसत होती की आंटींनी परत काजळाची डबी आणली.

"दीदी, आप बैठो इसको लेके," भावजय म्हणाली.

मी दोन पावलं मागे सरकले. "अगं, तूच घे. ती रडेल."

"आत्या का काम है न? मम्मीजी ने बोला." पुण्याहून आई फोनच्या पडद्यावर मान हलवत होती.

मी पाटावर बसले. पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं. गच्चीवरचे इतके दिवस माझ्या गाठीशी होते, मला आशा होती. पोरीने वर माझ्याकडे बघितलं. टक लावून. भावाने पहिली ओंजळ तिच्या डोक्यावरून सोडली. बोरं टपटपली, मुलं ओरडत तुटून पडली, आणि पोरीचा खालचा ओठ पुढे आला.

ती रडली. मुकुट नाकावर आला, हार चोखला गेला, दोन्ही हात नानीकडे पसरले. मी तिला आंटींच्या हातात दिलं. तिथे ती लगेच गप्प झाली आणि बाकीचं बोरन्हाण नानीच्या मांडीवर अगदी साग्रसंगीत पार पडलं. सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. फोटो काढायला मीच पुढे झाले, कारण फोन डोळ्यासमोर धरला की चेहरा झाकता येतो. मला फार वाईट वाटलं. एवढ्या मुलांचा दंगा, अंगावर पडणारी बोरं, त्यात कुठलंही बाळ रडेल, हे मला समजत होतं. समजून उपयोग झाला नाही.

पाहुणे गेले. जमिनीवर चुरमुरे आणि पायाखाली चेचलेली बोरं. भाऊ झाडू घेऊन फिरत होता, आंटी आणि भावजय आत भांडी लावत होत्या. खिडकीतून अजून ऊन येत होतं. मी दुपटं उचललं, त्यातले चुरमुरे झटकले आणि जमिनीवर भिंतीला टेकून राहिलेल्या ओळी घ्यायला बसले. परवा सुट्टी संपणार होती आणि अर्धवट काम मला बघवत नाही. पोरगी माझ्यापासून थोड्या अंतरावर चटईवर होती, दागिने उतरवलेली, काळ्या अंगरख्यात. मी तिच्याकडे बघितलं नाही. रुसून म्हणा हवं तर.

सुई आत, बाहेर. ओळ संपली, उलटवली. काहीतरी माझ्या पायाला लागलं. ती पालथी होऊन, पोटावर सरकत, मधेमधे थांबून धापा टाकत, तिथवर आली होती. तिने दुपट्याची लोंबती कड मुठीत धरली आणि तोंडात घातली. मग दुसऱ्या हाताने माझी सलवार पकडली. मी विणत राहिले. तिने डोकं माझ्या मांडीला टेकवलं आणि माझ्या हाताकडे बघत राहिली. त्या वेळी मी किती टाके चुकवले ते मला माहीत नाही, मागाहून मोजायची माझी इच्छाही नव्हती.

"अरे, ये यहां आ गई," भावजय पदराला हात पुसत बाहेर आली. "चलो, दूदू का टाइम." तिने वाकून पोरीला उचललं.

आणि पोरगी रडायला लागली.

भावजय गोंधळली. तिने तिला खांद्यावर घेतलं, थोपटलं, तिच्या तोंडापुढे खुळखुळा वाजवला. पोरगी आईच्या खांद्यावरून मागे वळून, दोन्ही हात पसरून, लालबुंद होऊन रडत होती. आंटी आतून आल्या. भाऊ झाडू हातात घेऊन दारात थांबला. सगळे कारण शोधत होते. भूक असेल, दात येत असतील, दमली असेल.

ते रडणं मला पूर्ण पाठ होतं, गेले कितीतरी शनिवार मी तेच ऐकत आले होते. फक्त तेव्हा पसरलेले हात माझ्यापासून लांब जायचे.

"ताई," भाऊ म्हणाला, "अगं बघत काय बसलीस? घे ना तिला."